तापीखोऱ्यातील किल्ले आणि ख्रिस्तमंदिरे : खानदेशच्या प्रवाशांसाठी

वसईच्या किंवा गोव्याच्या वाचकाला किल्ला म्हटला की चर्च आणि चर्च म्हटले की किल्ला आठवतो. वसईच्या कोटात एकाच तटबंदीच्या आत फ्रान्सिस्कन, येशूसंघीय, डॉमिनिकन आणि ऑगस्टिनियन या चारही संघांची मंदिरे होती. १७३९ साली चिमाजी आप्पांनी कोट जिंकल्यानंतरही त्यांच्या भिंती व मनोरे उभे राहिले, आणि आज ते एका दुपारीत पाहून होतात. खानदेशात मात्र असे घडत नाही. येथे किल्ले सहाशे-सातशे वर्षांचे आहेत आणि चर्चेस बहुतेक रेल्वेनंतरची. त्यामुळे आमच्या धर्मग्रामांतून सहलीचा बेत ठरला की गाड्या गोव्याकडे, वेलंकणीकडे किंवा बांद्र्याच्या माउंट मेरीकडे वळतात, आणि घराजवळचे खोरे पाहायचे राहून जाते. या खोऱ्यात काय पाहावे, कसे पाहावे आणि ख्रिस्ती वाचकाचा त्याच्याशी संबंध कोठे येतो, याची माहिती एका ठिकाणी मिळावी म्हणून हे लेखन.

प्रथम भूगोल. उत्तरेस सातपुडा, दक्षिणेस सातमाळा-अजिंठ्याची रांग आणि मधून पश्चिमेकडे वाहणारी तापी, असे हे लांबट खोरे आहे. जुना खानदेश जिल्हा १९०६ साली पूर्व आणि पश्चिम असा विभागला गेला. पुढे महाराष्ट्र राज्य झाल्यावर त्यांना जळगाव व धुळे ही नावे मिळाली, आणि १९९८ साली धुळ्यातून नंदुरबार वेगळा झाला. बुऱ्हाणपूर व अशीरगड आज मध्य प्रदेशात आहेत. पण इतिहासाच्या दृष्टीने ते खानदेशचे मस्तक होय, आणि त्यांना वगळून खानदेशचे वर्णन करणे आम्हाला शक्य वाटत नाही. धर्मप्रांताच्या हिशेबाने सांगायचे तर खानदेशचे महाराष्ट्रातील जिल्हे १९८७ साली स्थापन झालेल्या नाशिक धर्मप्रांतात येतात आणि बुऱ्हाणपूर खांडवा धर्मप्रांतात.

किल्ले येथेच का झाले, याचे उत्तर रस्त्यात आहे. सुरत बंदरात उतरलेला माल व माणूस आग्र्याकडे निघाला की तापीच्या काठाने नवापूर, नंदुरबार, थाळनेर अशा मजला करीत बुऱ्हाणपूरला पोहोचे, आणि तेथून अशीरगडच्या खिंडीतून नर्मदेच्या खोऱ्यात उतरे. इंग्रजांचा वकील सर टॉमस रो १६१५ च्या नोव्हेंबरात याच वाटेने बुऱ्हाणपुरास आला. फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हर्निये याने नवापूरच्या बारीक तांदळाला कस्तुरीसारखा वास येतो असे लिहून ठेवले आहे. दक्षिणोत्तर जाणारा दुसरा मार्ग म्हणजे आजचा मुंबई-आग्रा महामार्ग. ही वाट राखणारे ते लळिंग आणि सोनगीर.

लळिंग, सोनगीर, भामेर

धुळ्याहून नाशिककडे निघाले की सुमारे दहा किलोमीटरवर महामार्गाला लागूनच लळिंगचा डोंगर उभा राहतो. पायथ्याच्या गावात जुने हेमाडपंती महादेव मंदिर आहे. ते पाहूनच चढावयास लागावे. वर तटाचे अवशेष, खडकात खोदलेली पाण्याची टाकी आणि देवीचे मंदिर आहे. फारुकी घराण्याच्या आरंभीच्या काळात लळिंगला मोठे महत्त्व होते. या घराण्याचा मूळ पुरुष मलिक राजा याला दिल्लीच्या फिरोजशहा तुघलकाने १३७० च्या सुमारास थाळनेर व करवंद ही ठाणी दिली. मृत्यूपूर्वी त्याने थोरला मुलगा नसीर याला लळिंग आणि धाकट्याला थाळनेर दिले. पुढे १४१७ साली थोरल्याने माळव्याच्या सुलतानाच्या मदतीने धाकट्याचे थाळनेर हिसकावून घेतले. काईन आणि हाबेल यांची गोष्ट ठाऊक असलेल्या वाचकाला याहून अधिक सांगणे नको.

सोनगीर धुळ्याच्या उत्तरेस वीस किलोमीटरवर आहे. किल्ला बुटका, चढ सोपा, वर खोल विहीर. मुलांना व वयस्कांना बरोबर घेऊन जाण्यास हा बरा. गाव तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी प्रसिद्ध आहे, आणि किल्ल्याइतकाच वेळ तांबटांच्या आळीत घालवावा असे आम्ही सुचवू. साक्री तालुक्यातील भामेर मात्र खऱ्या डोंगरप्रेमींसाठी आहे. निजामपूरजवळच्या या गावात शिरतानाच जुन्या दरवाज्याचे अवशेष लागतात आणि डोंगराच्या कड्यात खोदलेल्या लेण्यांची रांगच्या रांग दिसते. अहीर राजांची ही राजधानी होती असे परंपरा सांगते.

थाळनेर

शिरपूर तालुक्यात तापीच्या उत्तर तीरावर थाळनेर आहे. फारुकींची ही पहिली राजधानी. गावाबाहेर त्यांच्या कबरींचा समूह आहे : मलिक राजा १३९९ साली वारला, नसीर खान १४३७ साली, आणि त्यांच्यानंतरच्या दोन राजांच्या कबरीही येथेच आहेत. त्यातील एक अष्टकोनी इमारत कोरीव कामासाठी मुद्दाम पाहावी. येथे जाताना पादत्राणे बाहेर ठेवावीत आणि आवाज कमी ठेवावा. आपल्या दफनभूमीत परक्याने कसे वागावे अशी आपली अपेक्षा असते, तसेच तेथे आपण वागावे.

किल्ला फार थोडा उरला आहे. नदीच्या बाजूने उंच दिसणारी तटबंदी माती आणि विटांची. पावसाने आणि पुराने ती वर्षानुवर्षे ढासळत आली आहे. परंतु येथे जे घडले ते विसरण्यासारखे नाही. जानेवारी १८१८ मध्ये मंदसोरच्या तहाने होळकरांनी खानदेशातील आपले किल्ले इंग्रजांना दिले. थाळनेरचा किल्लेदार तुळशीराम मामा याने ताबा देण्यास नकार दिला. २७ फेब्रुवारी १८१८ रोजी सर टॉमस हिस्लॉपच्या तोफांनी दरवाजा फोडला. आतल्या दरवाज्यापाशी शरणागतीची बोलणी चालली असताना गोंधळ उडाला, मेजर गॉर्डन व कॅप्टन मॅकग्रेगर हे अधिकारी मारले गेले, आणि मग इंग्रज सैन्याने आतील शिबंदी, ज्यात अरब शिपाई पुष्कळ होते, कापून काढली. किल्लेदाराला त्याच दिवशी फाशी दिले. पुढील वर्षी ब्रिटिश संसदेत हिस्लॉपच्या सैन्याचे आभार मानण्याचा ठराव आला, तेव्हा या फाशीला आपली संमती समजू नये असे त्या सभागृहाला वेगळे नमूद करावे लागले.

हा प्रसंग आम्ही मुद्दाम विस्ताराने सांगितला. ख्रिस्ती झेंड्याखाली आलेल्या सैन्याने जे केले ते ख्रिस्ती कृत्य होते असे समजण्याचे कारण नाही, आणि त्या सैन्याशी आपला धर्म जोडला जातो म्हणून तो प्रसंग झाकण्याचेही कारण नाही. धर्मग्रामातील तरुणांना थाळनेरला नेणाऱ्यांनी नदीचे दृश्य दाखवावे तसेच हेही सांगावे.

अशीरगड : फादरांची साक्ष

आता या खोऱ्यातील सर्वांत मोठ्या किल्ल्याकडे वळू. बुऱ्हाणपूरपासून सुमारे वीस किलोमीटरवर, खांडव्याच्या रस्त्यावर, सपाटीपासून अडीचशे मीटरहून अधिक उंच असा अशीरगड आहे. खालून वर मलयगड, कमरगड आणि अशीरगड असे त्याचे तीन भाग. वर काळ्या दगडाची जामा मशीद, महादेवाचे मंदिर, तळी आणि इंग्रजी अमदानीतील बराकींचे अवशेष आहेत. ‘दख्खनचा दरवाजा’ हे त्याचे नाव सार्थ आहे. हा किल्ला आसा अहिराकडून नसीर खानाने कपटाने घेतला, स्त्रियांच्या डोल्यांत शिपाई लपवून आत पाठविले, असे फिरिश्ता हा इतिहासकार सांगतो. पायथ्याच्या मुलखात नसीर खानाने दोन शहरे वसविली आणि त्यांना खुलदाबादच्या सूफी संतांची नावे दिली : बुऱ्हानुद्दिनांवरून बुऱ्हाणपूर आणि झैनुद्दिनांवरून झैनाबाद.

१६०० सालच्या वसंतात अकबर बादशहा स्वतः बुऱ्हाणपुरास आला आणि त्याने अशीरगडाला वेढा घातला. त्याच्या छावणीत दोन ख्रिस्ती व्रतस्थ होते. एक फादर जेरोम झेवियर, संत फ्रान्सिस झेवियर यांच्या बहिणीचे नातू. दुसरे ब्रदर बेंतो द गोइश. १५९५ साली लाहोरला पोहोचलेल्या तिसऱ्या येशूसंघीय मिशनचे हे सभासद. त्यांचे सहकारी फादर पिन्हेरो लाहोरास राहिले आणि हे दोघे बादशहाबरोबर दक्षिणेत आले. याच दशकांत गोव्याकडे फादर थॉमस स्टीफन्स मराठीत ‘ख्रिस्तपुराण’ रचीत होते. ते छापून निघाले १६१६ साली. म्हणजे मराठी मुलखाच्या दोन टोकांना येशूसंघाची माणसे एकाच काळी होती. एक ओवीत गुंतलेले आणि दुसरे तोफांच्या धुरात.

गडावर तोफा विपुल होत्या आणि त्या चालविणाऱ्यांत सात पोर्तुगीज होते, असे येशूसंघीयांचा वृत्तांत सांगतो. बादशहाच्या तोफा वेढ्याला अपुऱ्या पडल्या. तेव्हा त्याने फादर झेवियर यांना चौलच्या पोर्तुगीज अधिकाऱ्याकडे तोफा व दारूगोळा मागणारे पत्र लिहिण्यास सांगितले. फादरांनी नकार दिला. असे पत्र लिहिणे आपल्या धर्माला धरून होणार नाही, असे त्यांनी कळविले. बादशहा संतापला आणि फादरांना काही काळ दरबारापासून दूर व्हावे लागले. राग शमल्यावर ते परत आले.

हा नकार कसा समजावा? व्हिन्सेंट स्मिथ या इंग्रज इतिहासकाराने असा अर्थ लावला आहे की चौलच्या पोर्तुगीजांचे खानदेशच्या राजाशी सख्य होते, आणि मित्राविरुद्ध शस्त्रे मागणे फादरांना राजकारणाच्या दृष्टीने अशक्य होते. हे खरे असेलही. दिलेला शब्द मोडू नये हे राजकारण आहे तसेच धर्मही आहे, आणि दोन्ही कारणे एका मनात राहू शकतात. आमच्या मते महत्त्वाची गोष्ट एवढीच की त्या छावणीत बादशहाला नाही म्हणणे ही साधी बाब नव्हती. ज्यांच्या मर्जीवर संपूर्ण मिशन अवलंबून होते त्यांना ते नाही म्हणाले. फादर झेवियर यांना हुतात्मा ठरविण्याची घाई आम्ही करणार नाही, पण त्यांना केवळ मुत्सद्दी म्हणून मोकळे होणेही न्यायाचे नाही.

किल्ला जानेवारी १६०१ मध्ये पडला. कसा पडला याविषयी दोन कथा आहेत. अबुल फजल आणि इतर दरबारी लेखक म्हणतात की गडावर रोगाची साथ पसरली आणि शिबंदी शरण आली. येशूसंघीयांचा वृत्तांत वेगळा आहे : राजा बहादूर खान याला सुरक्षिततेची शपथ देऊन खाली बोलाविले आणि मग अडकवून ठेवले, गडाचा हबशी किल्लेदार तरीही हटेना, तेव्हा सोन्याने शिबंदीतील माणसे फोडली. हा वृत्तांत फ्रेंच येशूसंघीय पिएर द्यु जारिक यांच्या ग्रंथातून पुढे आला आणि १९२६ साली सी. एच. पेन यांनी त्याचा इंग्रजी अनुवाद केला, त्यामुळे जिज्ञासूंना तो आजही वाचता येतो. दोन्हींपैकी कोणता खरा यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. आपल्या संघाच्या माणसांनी लिहिले म्हणून तो खरा आणि दरबारी म्हणून दुसरा खोटा, असा न्याय लावू नये. फादर छावणीत होते, गडावर नव्हते. आतल्या गोष्टी त्यांनी ऐकून लिहिल्या. उलट दरबारी लेखक धन्याचा शब्दभंग लिहून ठेवील ही अपेक्षाही व्यर्थ. बहादूर खानाची रवानगी ग्वाल्हेरच्या कैदेत झाली आणि फारुकी राज्य संपले, एवढे दोन्हीकडे सारखे आहे.

त्या सात पोर्तुगिजांचे काय झाले? ते पूर्वीच इस्लाममध्ये गेले होते. पकडल्यावर त्यांचे प्राण धोक्यात आले. फादर झेवियर यांनी बादशहाकडे त्यांची मागणी केली, ते त्यांच्या हवाली झाले आणि पुन्हा ख्रिस्तसभेत आले, असे वृत्तांत म्हणतो. त्याच वर्षी अकबराने गोव्याकडे वकील पाठविला आणि बरोबर ब्रदर गोइश गेले. पुढे हेच गोइश मध्य आशियाच्या वाळवंटातून चीनकडे निघाले आणि १६०७ साली चीनच्या सरहद्दीवर वारले. फादर झेवियर यांचा अंत १६१७ साली गोव्यात झाला.

या विजयाची आणखी एक ख्रिस्ती खूण आहे, पण ती पाहण्यास फतेपूर शिक्रीला जावे लागेल. तेथील बुलंद दरवाज्यावरील १६०१ च्या शिलालेखात अकबराच्या खानदेश-विजयाचा उल्लेख आहे, आणि त्याच लेखनात प्रभू येशूच्या तोंडचे म्हणून एक वचनही आहे. जग हा पूल आहे, त्यावरून जावे, पण त्यावर घर बांधू नये, असा त्याचा आशय. हे वचन आपल्या चार शुभवर्तमानांत नाही. मुसलमान परंपरेने ते येशूचे म्हणून जपले. खानदेश जिंकल्याची बातमी आणि घर बांधू नका हा उपदेश एकाच दरवाज्यावर कोरलेला पाहून आम्हाला नवल वाटते.

बुऱ्हाणपुरात थांबणाऱ्यांनी जामा मशीद चुकवू नये. फारुकी राजा अली खान याने १५९० च्या सुमारास ती पुरी केली आणि आत अरबीबरोबर संस्कृत शिलालेखही बसविला. अकबराच्या विजयाचा लेखही तेथेच आहे. मुमताज महल १६३१ साली याच शहरात वारली.

पारोळे, अमळनेर, यावल, पाटण

जळगाव जिल्ह्यातील भुईकोटांपैकी पारोळ्याचा पाहण्याजोगा आहे. धुळे-जळगाव रस्त्यावर, गावाच्या मधोमध. हरी सदाशिव दामोदर या जहागीरदाराने १७२७ साली तो बांधला असे सांगतात. भोवती खंदक, आत बुरूज. झाशीच्या नेवाळकर घराण्याचा पारोळ्याशी संबंध असल्याने १८५७ नंतर इंग्रजांची त्यावर वक्रदृष्टी झाली. बाजार तटाला इतका चिकटला आहे की प्रथम जाणाऱ्याला दरवाजा शोधावा लागतो. अमळनेरात बोरी नदीकाठी किल्ल्याचे थोडे अवशेष आहेत. तेथे साने गुरुजींची प्रताप हायस्कूल आणि तत्त्वज्ञान मंदिर हे मुख्य आकर्षण. यावलला निंबाळकरांची गढी आहे. चाळीसगावजवळच्या पाटणादेवीच्या अरण्यात यादवकालीन मंदिर आहे, वर कण्हेरगड, आणि गणिती भास्कराचार्य यांचा नातू चांगदेव याच्या मठाचा तेराव्या शतकाच्या आरंभीचा शिलालेख तेथेच सापडला.

चर्चेस

खानदेशातील कॅथोलिक समाजाचा सलग इतिहास अशीरगडच्या छावणीपासून सुरू होत नाही. बादशहा गेला, फादर गेले. मधली अडीच शतके जवळजवळ रिकामी आहेत. नंतर १८६० च्या दशकात ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे या खोऱ्यात आली. भुसावळला नागपूर आणि जबलपूर या दोन दिशांचे फाटे फुटले, आणि इंजिन-ड्रायव्हर, गार्ड, फिटर अशा कामांवर गोव्याचे व अँग्लो-इंडियन कॅथोलिक तेथे आले. भुसावळचा धर्मग्राम अशा रेल्वे-कुटुंबांतून वाढला. येथे पाहावयाचे ते शिल्प नव्हे. बाप्तिस्मा, विवाह आणि मृत्यू यांच्या नोंदवह्या, आणि दफनभूमीतील जुने दगड, हीच आपली खरी पुराणवास्तू आहे. दगडावरची अक्षरे झिजतात, वह्यांना वाळवी लागते. ज्या धर्मग्रामाकडे जुन्या वह्या आहेत त्यांनी त्यांची छायाचित्रे काढून एक प्रत धर्मप्रांताच्या कार्यालयात ठेवावी, आणि तरुण मंडळाने एका रविवारी वही-पेन्सिल घेऊन दफनभूमीतील नावे व तारखा उतरवून काढाव्यात. किल्ल्याच्या डागडुजीला पुरातत्त्व खाते लागते; या कामाला फक्त एक सकाळ लागते.

नवापूर-नंदुरबारकडचे काम वेगळे आहे. तेथे विसाव्या शतकाच्या आरंभी स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशन या प्रॉटेस्टंट संस्थेने आदिवासी गावांत सेवा सुरू केली. चिंचपाड्याचे ख्रिस्ती रुग्णालय त्या भागात सर्वांना ठाऊक आहे.

रेल्वेने जाणाऱ्या वाचकांसाठी एक आठवण. जळगाव व भुसावळ यांच्या मध्ये भादली हे लहान स्टेशन लागते. धरणगावचे बालकवी ठोंबरे, ज्यांना रेव्हरंड नारायण वामन टिळक आणि लक्ष्मीबाई यांनी मुलाप्रमाणे घरात ठेवले होते, ५ मे १९१८ रोजी तेथे रुळांवर अपघातात गेले.

प्रवासाविषयी

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. मे महिन्यात खानदेशात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो आणि लळिंगसारख्या उघड्या डोंगरावर सावली नाही. पावसाळ्यात लळिंगच्या कुरणातला धबधबा सुंदर, पण तटाचे दगड निसरडे असतात. धुळ्यात मुक्काम केल्यास एका दिवसात लळिंग व सोनगीर होतात, आणि दुसऱ्या दिवशी थाळनेर. धुळ्यातील राजवाडे संशोधन मंदिरही पाहून घ्यावे. इतिहासाचार्य राजवाडे १९२६ साली याच शहरात वारले. पारोळे आणि अमळनेर मिळून तिसरा दिवस. अशीरगडासाठी भुसावळहून पहाटेची गाडी धरून बुऱ्हाणपूर गाठावे आणि तेथून वाहन करावे. गडावर पुरेसे पाणी नेणे आवश्यक, कारण वर काही विकत मिळेल या भरवशावर राहता येत नाही. थंडीत गेल्यास वाटेत वांग्याचे भरीत आणि कळण्याची भाकरी मिळेल तेथे थांबावे.